जुना सिनेमा कुठं लागायचा? इमारत मोजायची की खेळ?

पेटची तयारी करणारी, सिनॉप्सिस लिहायला बसलेली मुलं-मुली हल्ली एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: "विषय ठरलाय, पण नेमकं मोजायचं काय ते कळत नाही." संशोधन पद्धतीच्या पुस्तकात याला 'विश्लेषणाचं एकक' म्हणतात. परीक्षेत दोन गुणांसाठी व्याख्या लिहितो आणि विसरून जातो. मीही विसरले होते. माझा पहिला आराखडा त्यावरच आपटला, म्हणून आज तीच गोष्ट सांगते.

माझा विषय मुंबईतला आहे, घर रत्नागिरीत. विषय असा की नवा सिनेमा येतो, चालतो, उतरतो. मग तो पुन्हा बघायचा तर लोक कुठं जात होते? टीव्ही, कॅसेट, मोबाईल यांच्या आधीच्या काळाबद्दल बोलतेय. इंग्रजी पुस्तकांत यासाठी तयार शब्द सापडला, 'रिव्हायव्हल हाऊस', म्हणजे जुने, गाजलेले किंवा दुर्लक्षित राहिलेले सिनेमे मुद्दाम निवडून दाखवणारं थिएटर. लंडनच्या हॅम्पस्टेडमधलं एव्हरीमन १९३३ पासूनचं. हार्वर्ड विद्यापीठाच्या शेजारचं ब्रॅटल थिएटर, जिथं परीक्षेच्या दिवसांत हम्फ्री बोगार्टचे जुने सिनेमे बघायला विद्यार्थी गर्दी करायचे. न्यूयॉर्कचं फिल्म फोरम, १९७० चं. अशा प्रत्येक थिएटरला एक मालक, एक ठरावीक प्रेक्षकवर्ग, छापील कार्यक्रमपत्रिका आणि बहुतेक वेळा एक शोकांतिका असते. वाचायला फार गोड वाटतं.

मग मी मुंबईत तेच शोधायला निघाले. आराखड्यात थिएटरांची यादी केली. रीगल १९३३, इरॉस आणि मेट्रो १९३८, लिबर्टी १९४९, मराठा मंदिर १९५८. शिवाय काळबादेवीचं एडवर्ड, बोरीबंदरसमोरचं कॅपिटॉल, लालबागचं भारतमाता. नकाशा काढला, रंगीत ठिपके दिले. मार्गदर्शकांनी पानं उलटली आणि विचारलं, "यातलं एक तरी थिएटर जुने सिनेमे दाखवण्यासाठी उघडलं होतं का?"

नव्हतं. लिबर्टी 'अंदाज'नं उघडलं, तो तेव्हा कोरा करकरीत सिनेमा होता. मराठा मंदिरात १९६० साली 'मुघल-ए-आझम'चा थाटात प्रीमियर झाला. भारतमाता गिरणीच्या जागेवर उभं राहिलं आणि मराठी सिनेमाचं हक्काचं घर झालं, पण तिथंही लोक नवा मराठी सिनेमा बघायला जात. म्हणजे मी परदेशातली चौकट उचलून आणली होती आणि तिच्यात बसेल असं काही मुंबईत दिसत नव्हतं. इथं दोन वाटा फुटतात. एक, "मुंबईत पुनर्प्रदर्शनाची संस्कृतीच नव्हती" असं लिहून मोकळं व्हायचं. दोन, आपण शोधतोय ते भलत्याच ठिकाणी शोधतोय का, असा संशय घ्यायचा. पहिली वाट सोपी आहे आणि बरेच प्रबंध तिथूनच जातात. (माझाही गेला असता.)

उत्तर वर्तमानपत्राच्या जाहिरातींत निघालं. जुन्या अंकांत सिनेमाच्या जाहिरातींचं पान असतं. मोठ्या चौकटीत नवा सिनेमा, खाली 'रोज ३ खेळ', वेळा ३, ६, ९ किंवा साडेतीन-साडेसहा-साडेनऊ. आणि त्याच्या पायाशी, भिंग लावून वाचावी अशा अक्षरांत एक ओळ: मॅटिनी १२ वाजता, आणि पुढं दुसऱ्याच सिनेमाचं नाव. थिएटर तेच, पडदा तोच, डोअरकीपर तोच. पण दुपारी बाराला तिथं पाच, दहा, कधी पंधरा वर्षांपूर्वीचा सिनेमा. तिकीटही कमी.

म्हणजे मुंबईत जुन्या सिनेमाचं थिएटर होतं. फक्त ते इमारतीचं नव्हतं, वेळेचं होतं. मी इमारती मोजत होते आणि मोजायला हवे होते खेळ.

हे एवढं वाक्य लिहायला सोपं, पण एकक बदललं की सगळा प्रबंध हलतो. इमारत हे एकक धरलं तर रीगल म्हणजे एक नोंद. खेळ हे एकक धरलं तर रीगलच्या एकाच दिवसाच्या चार-पाच नोंदी होतात आणि प्रत्येकीचा सिनेमा, दर, प्रेक्षक वेगळा असू शकतो. माझ्या तक्त्यात आता दर ओळीला तारीख, थिएटर, वेळ, सिनेमा, सिनेमाचं मूळ वर्ष आणि भाषा असे रकाने आहेत. मूळ वर्षाचा रकाना सुरुवातीला नव्हता. 'मॅटिनी म्हणजे जुना' असं धरून चालले होते, तेही चूकच. बाराच्या खेळाला नवे मराठी सिनेमेही लागत, कारण मुख्य खेळ मिळत नसत. रविवारी सकाळी इतर भाषांचे सिनेमे असत. माटुंग्याचं अरोरा तर तमिळ सिनेमांसाठीच ओळखलं जाई. तेव्हा दर नोंदीला सिनेमा केव्हाचा हे तपासावंच लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण इलाज नाही.

खेळाची वेळ ही क्षुल्लक बाब वाटत असेल तर २०१५ आठवा. मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यायचा असं राज्य सरकारनं जाहीर केलं आणि वाद पेटला. शेवटी प्राइम टाइमची व्याख्याच दुपारी १२ ते रात्री ९ अशी पसरवण्यात आली. सिनेमागृह मिळालं की नाही यावर भांडण नव्हतंच, कितीचा खेळ मिळाला यावर होतं.

आता जुना सिनेमा बाराला का लागायचा? याचं उत्तर रसिकतेत नाही, वितरणाच्या हिशोबात आहे. नव्या सिनेमाचा वितरक थिएटरशी करार करायचा तो मुख्य तीन खेळांचा. दुपारची वेळ मालकाच्या हातात मोकळी राहायची. दुसऱ्या बाजूला जुन्या सिनेमाच्या वितरकाकडे प्रिंट पडून असे. तिचा खर्च केव्हाच वसूल झालेला, त्यामुळे थोड्या ठरावीक भाड्यावर ती द्यायला तो तयार असे. मालकाला रिकाम्या वेळेतून चार पैसे, वितरकाला पडून असलेल्या मालाचे चार पैसे. सिनेमाच्या इतिहासात 'अभिजात कलाकृतींचं जतन' वगैरे शब्द येतात तेव्हा मला हे चार पैसे आठवतात. कोणी जतन करायला बसलं नव्हतं. उलट प्रिंट फिरून फिरून झिजायची, तुटलेल्या जागी जोडायची, दर जोडणीला काही फ्रेम जायच्या. शेवटच्या मॅटिनीपर्यंत पोहोचलेला सिनेमा मूळ लांबीचा असेलच असं नाही. जतनाचं काम सरकारी पातळीवर सुरू झालं ते १९६४ साली, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यावर. तोवर बरंच गेलं होतं. भारतात बनलेल्या तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी तीसेक जेमतेम हाती आहेत. १९३१ मध्ये गिरगावच्या मॅजेस्टिकला लागलेला पहिला बोलपट 'आलम आरा' तर आज कुठंच नाही. मॅजेस्टिकही नाही.

पण प्रेक्षक कोण? दुपारी बाराला कामाच्या दिवशी सिनेमाला जायला रिकामं असतं कोण? मी आधी लिहिलं होतं 'विद्यार्थी आणि गृहिणी'. पुस्तकांत तसं असतं म्हणून.

हे मी घरी बोलत होते तेव्हा आमचे मोठे काका ऐकत होते. काका गिरणीत होते, परळला. आमच्या गावातली निम्मी माणसं तेव्हा मुंबईत गिरणीतच होती. ते म्हणाले, "बाय, दुसरी पाळी साडेतीनला लागायची. बारापर्यंत काय करायचं माणसानं? खोलीवर थांबायला जागा हाय कुठं?"

त्या एका वाक्यात माझा एक सबंध प्रकरणाचा मुद्दा होता. मुंबईच्या गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या: सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते मध्यरात्री बारा, आणि बारा ते सकाळी सात. चाकरमानी गाववाल्यांच्या खोलीत राहायचे, एका खोलीत वीस-वीस जण, आणि झोपायचेही पाळीनं. सकाळी रात्रपाळीवाले येऊन पसरले की दुसऱ्या पाळीच्या माणसानं उठून बाहेर पडायचं. खानावळीत जेवण उरकलं की मधले तीन तास उरत. कमी दराचं तिकीट, डोक्यावर पंखा, अंधार आणि बसायला खुर्ची. सिनेमा सुटला की सरळ गिरणीच्या दारात. काकांच्या बोलण्यात सिनेमांपेक्षा पंख्याचाच उल्लेख जास्त होता.

इथं सावध व्हायचं असतं. एका काकांवरून गिरणगावचा निष्कर्ष निघत नाही. ते गृहीतक आहे, पुरावा नाही. गृहीतक तपासायचं कसं? एक मार्ग असा की लालबाग-परळच्या थिएटरांतल्या बाराच्या खेळांची तुलना कुलाबा-चर्चगेटच्या थिएटरांशी करायची. पाळीचा संबंध खरा असेल तर गिरणगावात मॅटिनी आठवडाभर, कामाच्या दिवशीही, भरघोस दिसायला हवी. दक्षिण टोकाला ती शनिवार-रविवारकडे झुकलेली असेल. माझ्या तक्त्यात सध्या याच दोन गटांची भरती चालू आहे. आकडे पुरे झाल्याशिवाय काही बोलणार नाही.

दुसरी गंमत म्हणजे काकांनी एका सिनेमाचं आणि थिएटरचं नाव छातीठोकपणे सांगितलं. मी त्या वर्षाच्या जाहिराती काढल्या, तर तो सिनेमा त्या थिएटरात नव्हताच, दोन स्टेशनं पलीकडे होता. मी थोडी हिरमुसले. मग अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इटालियन अभ्यासकाचा निबंध आठवला. तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात लुईजी त्रास्तुल्ली नावाचा कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मेला. पण तिथले कित्येक कामगार ती घटना १९५३ च्या मोठ्या कामगारकपातीच्या आंदोलनातली म्हणून सांगत. पोर्तेल्लीनं हे 'चुकीचं' म्हणून टाकून दिलं नाही. लोकांना तो मृत्यू त्या लढ्यातच अर्थपूर्ण वाटत होता, असं त्यानं दाखवलं. काकांनी सांगितलेलं थिएटर त्यांच्या गिरणीला सर्वात जवळचं होतं. ते तिथं नेहमी जात असणार, एवढं त्या चुकीतून कळतं. मुलाखत आणि जाहिरात यांचं पटलं नाही तर दोन्ही लिहून ठेवा. न पटण्यातच माहिती असते.

मॅटिनीपलीकडेही जागा होत्या, त्यातल्या एकीबद्दल लिहायलाच हवं. ग्रँट रोडजवळ फॉकलंड रोडवर जुनी नाटकगृहं होती. 'प्लेहाऊस'चं लोकांच्या तोंडी 'पिला हाऊस' झालं. त्या नाटकगृहांची पुढं सिनेमागृहं झाली: आल्फ्रेड, न्यू रोशन, गुलशन, रॉयल. पहिल्या प्रदर्शनाची शर्यत त्यांनी कधीच सोडून दिली होती. तिथं दिवसभरच जुने सिनेमे, मुख्यतः मारधाडीचे, शहरातल्या सर्वात स्वस्त तिकिटांत. हमाल, हातगाडीवाले, बाहेरगावाहून आलेले मजूर हे प्रेक्षक. आल्फ्रेडच्या दारावर हातानं रंगवलेली पोस्टरं अलीकडेपर्यंत लागत. तिथले चित्रकार शेख रहमान यांच्यावर 'ओरिजिनल कॉपी' नावाचा माहितीपट आहे, मिळाला तर जरूर पाहा. आता विचार करा: जुने सिनेमेच दाखवणारं थिएटर अशी व्याख्या काटेकोर लावली तर मुंबईतली खरी 'रिव्हायव्हल हाऊसेस' हीच. पण पुस्तकातली व्याख्या वाचताना डोळ्यांपुढं आल्फ्रेड येत नाही, कारण त्या शब्दात रसिक प्रेक्षक गृहीत धरलेला असतो. शब्द उसना घेतला की त्याच्याबरोबर त्याचा प्रेक्षकही येतो.

रसिक प्रेक्षक मुंबईत नव्हता असं नाही. तो फिल्म सोसायट्यांत होता. १९५२ च्या जानेवारीत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत झाला आणि 'बायसिकल थीव्ज'सारखे सिनेमे इथल्या लोकांनी पाहिले. १९५९ मध्ये सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ झाला, अध्यक्ष सत्यजित राय. मराठी वाचकाला जवळची म्हणजे १९६८ ची प्रभात चित्र मंडळ. सुधीर नांदगावकरांनी तिच्यासाठी आयुष्य वेचलं आणि 'वास्तव रूपवाणी'सारखं नियतकालिक तिच्याकडून निघालं. पण सोसायटीकडेही स्वतःची इमारत नसे. सभागृह भाड्यानं घ्यायचं, वकिलातीकडून किंवा पुण्याच्या संग्रहालयातून प्रिंट आणायची, सभासदांना पत्रं टाकायची. इथंही एकक खेळच. मंत्रालयाजवळच्या आकाशवाणी थिएटरात समांतर सिनेमे लागत, तेवढाच काय तो अपवादासारखा.

मग मॅटिनी गेली कुठं? सोपं उत्तर 'टीव्ही आला'. ते खोटं नाही, पण १९८२ हे वर्ष संशोधकाला छळणारं आहे. १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळ परत गिरणीत गेलेच नाहीत. त्याच वर्षी आशियाई खेळांच्या निमित्तानं रंगीत दूरदर्शन आलं, आणि त्याच सुमाराला व्हिडिओ कॅसेट पसरू लागली. म्हणजे बाराच्या खेळाचा प्रेक्षक आणि बाराच्या खेळाची मक्तेदारी, दोन्ही एकदमच गेल्या. दोन कारणं एकाच वेळी येतात तेव्हा 'यामुळे' हा शब्द लिहिताना हात थांबला पाहिजे. गिरणगावाबाहेरच्या थिएटरांतही मॅटिनी तितक्याच वेगानं घटली असेल तर व्हिडिओकडे बोट जातं. फक्त गिरणगावात आधी घटली असेल तर संपाकडे. वर म्हटलेली दोन गटांची तुलना इथं दुसऱ्यांदा उपयोगी पडते. आमचे काका संपानंतर गावी आले ते आलेच. त्यांच्यासाठी मॅटिनी बंद होण्याचं कारण एकच आहे, आणि त्यांना मी तक्ता दाखवायला गेलेली नाही.

पण बाराचा खेळ पुरता मेला नाही. 'शोले' १९७५ साली मिनर्व्हाला लागला आणि पाच वर्षं तिथंच राहिला, शेवटी शेवटी मॅटिनीला. आणि 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'. १९९५ चा हा सिनेमा मराठा मंदिरात साडेअकराच्या खेळाला लागत राहिला. डिसेंबर २०१४ मध्ये हजार आठवडे झाले. २०१५ च्या फेब्रुवारीत थिएटरनं तो उतरवायचं जाहीर केलं आणि लोकांच्या आग्रहाखातर काही दिवसांत परत लावला. बातम्या हे प्रेमाच्या अमरत्वाचं उदाहरण म्हणून छापतात. छापोत बापडे. पण मराठा मंदिर कुठं आहे बघा: समोर मुंबई सेंट्रलचा एसटी डेपो, शेजारी रेल्वे स्टेशन. गाडीला तीन-चार तास आहेत, हातात पिशवी आहे, तिकीट नाममात्र आहे. रत्नागिरीच्या गाडीची वाट बघत मी स्वतः तिथं अर्धा सिनेमा पाहिलाय, आणि माझ्या रांगेतला माणूस बॅग उशाला घेऊन झोपला होता. काकांचा पंखा आणि हा माणूस यांत मला फार अंतर दिसत नाही.

आणखी एक प्रयोग नोंदवते. २०१४ मध्ये लोअर परळचं १९२६ चं दीपक टॉकीज एन्लाइटन फिल्म सोसायटीनं चालवायला घेतलं, 'मॅटरडेन' नाव दिलं आणि जगभरचे अभिजात सिनेमे उत्तम प्रक्षेपणावर दाखवायला सुरुवात केली. म्हणजे पुस्तकातलं रिव्हायव्हल हाऊस अखेर मुंबईत आलं, तेही गिरणगावात, गिरण्या गेल्यावर. थोडी वर्षं ते चाललं. माझ्या पहिल्या आराखड्यात ते एकटंच पूर्ण प्रकरण व्यापून होतं. आता ते दोन पानांत आहे. अन्याय वाटतो, पण खेळांच्या संख्येत मोजलं तर तेवढीच जागा होते.

हल्ली जुन्या सिनेमांचं पुनर्प्रदर्शन जोरात आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात फिल्म हेरिटेज फाउंडेशननं अमिताभ बच्चन यांचे जुने सिनेमे देशभरच्या मल्टिप्लेक्सांत दाखवले. २०१८ चा 'तुंबाड' २०२४ च्या सप्टेंबरात परत लागला आणि त्यानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावलं. तुंबाड गाव आपल्या खेड तालुक्यातलं, श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीमुळे आधीच ओळखीचं. त्यामुळे इकडे जरा जास्तच चर्चा झाली. कोणी हे 'नवं' म्हणत असेल तर हिशोब बघा: नव्या सिनेमांचा आठवडा ओस, पडदा मोकळा, वितरकाकडे खर्च वसूल झालेला माल. फरक एवढाच की आता जुना सिनेमा संध्याकाळच्या खेळाला, पूर्ण दरात लागतो. दुपारच्या पाळीच्या माणसाला तो परवडणार नाही, आणि तशी पाळीही राहिलेली नाही.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांना शेवटची एक कामाची गोष्ट. जाहिराती वाचायला सुरुवात करण्याआधी आठवड्याचा एक ठरावीक वार पक्का करा. मी आधी मिळेल तो अंक वाचत गेले आणि दोन महिन्यांनी लक्षात आलं की माझ्या नोंदींत शुक्रवारच फार आलेत, कारण नवा सिनेमा शुक्रवारी लागतो आणि त्या दिवशीचं पान मोठं, बघायला छान असतं. मॅटिनी बघायची तर मधला वार हवा. आता बुधवार धरलाय आणि १९७१ च्या मार्चपर्यंत आलेय. त्यातले दोन बुधवार बांधणीतून गायब आहेत. ते दुसऱ्या ग्रंथालयात मिळतात का बघायला पुढच्या आठवड्यात दादरला जातेय.